कायद्याच्या कागदावर संसदेचा शेरा

कायदा कोठे होतो, यावर कामगाराची नजर हवी. आपल्याकडे तो दिल्लीत होतो किंवा मुंबईत. युरोपात मात्र आज सत्तावीस देश अनेक कायदे एकत्र करतात. युरोपीय संघाचा आयोग ब्रुसेल्सला बसून मसुदा तयार करतो. देशोदेशीच्या मंत्र्यांची परिषद आणि युरोपीय संसद मिळून तो बहुधा मंजूर करतात. मग प्रत्येक देशाची आपली जी संसद आहे, तिला काय काम उरले?

काम उरले आहे, आणि ते राखणीचे आहे. डेन्मार्कचा मंत्री महत्त्वाच्या प्रश्नावर बोलणी करण्यापूर्वी आपल्या संसदेच्या समितीपुढे उभा राहतो. समितीचे बहुमत विरुद्ध असेल, तर ती भूमिका घेऊन त्याला पुढे जाता येत नाही. ही प्रथा १९७३ पासूनची आहे.

१ डिसेंबर २००९ रोजी लिस्बन करार अमलात आला आणि सर्वच देशांच्या संसदांना एक हक्क मिळाला. आम्हां कारकुनांच्या भाषेत सांगायचे, तर मसुदा त्यांच्याकडे शेऱ्यासाठी येतो. मुदत आठ आठवडे. 'हे काम आमचा देशच नीट करील, ते वर नेण्याचे कारण नाही', असा आक्षेप कारणांसह नोंदवायचा. प्रत्येक देशाला दोन मते. दोन सभागृहे असली तर प्रत्येकी एक. सर्वसाधारणपणे एक तृतीयांश मते जमली, की मसुद्याचा फेरविचार करावाच लागतो. याला 'पिवळे कार्ड' म्हणतात. हे रेशनचे नव्हे. फुटबॉलचा पंच ताकीद देताना दाखवतो ते!

पहिले कार्ड निघाले संपाच्या हक्कावरून. फिनलंडच्या एका जहाजमालकाला एस्टोनियाचा झेंडा लावून स्वस्त खलाशी घ्यायचे होते. स्वीडनमध्ये शाळेच्या बांधकामावर लाटव्हियाची कंपनी वेतनकरार करीना, म्हणून संघटनांनी काम अडविले. डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने या खटल्यांत संपाचा हक्क मान्य केला; पण मालकाच्या धंद्याच्या स्वातंत्र्याआड येणारा लढा वाजवी आहे का, हे तपासले जाईल, असे ठरविले. मार्च २०१२ मध्ये आयोगाने याच विषयावर मसुदा आणला. कामगार संघटना अस्वस्थ झाल्या. बारा देशांच्या संसदांतून आक्षेप आले. ५४ पैकी १८ मते लागत होती, पडली १९! आयोगाने आक्षेप मान्य केला नाही; पण परिषदेत आणि युरोपीय संसदेत पाठिंबा मिळणार नाही, हे ओळखून त्याच सप्टेंबरात मसुदा मागे घेतला.

परंतु हे हत्यार नेहमी कामगाराच्या बाजूनेच चालते, असे समजू नये. २०१६ मध्ये वेगळा प्रस्ताव आला. परदेशी कामावर पाठविलेल्या कामगाराला तिथल्या कामगाराच्याच नियमांनी मोबदला द्यावा, असा तो होता. अकरा देशांच्या संसदांतून कार्ड निघाले. त्यांतले दहा देश मध्य व पूर्व युरोपातले. मजुरी महाग झाली, तर आपल्या माणसांचे काम जाईल, ही त्यांची धास्ती. आयोगाने प्रस्ताव कायम ठेवला आणि २०१८ मध्ये कायदा झाला.

म्हणजे कार्ड ही ताकीद आहे, नकाराधिकार नव्हे. तीही आठ आठवड्यांत द्यावी लागते. त्या मुदतीत कागद वाचणारा प्रतिनिधी संसदेत नसेल, तर तिचे मौनच संमती ठरते. आणि शेरा कोणाच्या बाजूने पडणार, हे तिथे आपण कोणाला पाठविले, यावरच ठरते.