दरवाजाच्या आतली झडी

कुणाला किल्ल्यांचा नाद असतो, कुणाला पक्ष्यांचा. मला मोटारीच्या दरवाजाला आतून बसवलेल्या पॅडचा आहे. पहिला पॅड मी काढला तो महाबळेश्वरला, ऐन जुलैत. मारुती ८०० ची काच अर्ध्यावर अडकली होती आणि सीटवर पाऊस पडत होता. घाईने मी पॅडच्या कडेला चपटा स्क्रूड्रायव्हर खुपसला आणि उचकटलं. दोन क्लिपा तुटल्या, पॅडवर ओरखडा उमटला, काच होती तिथंच. टॅक्सी स्टँडवरच्या एका काकांनी हत्यार माझ्या हातातून काढून घेतलं. "साहेब, आधी स्क्रू शोधा की. क्लिपांचं नंतर बघू."

स्क्रू लपलेले असतात: दार ओढायच्या खाचेत, हात टेकतो त्याच्या खाली, नखाएवढ्या झाकणांमागे. त्या मारुतीच्या काच फिरवायच्या हँडलला मात्र स्क्रूच नव्हता. मागे तारेची क्लिप. काकांनी फडकं मागे सारून डावी-उजवीकडे ओढलं आणि क्लिप टणकन उडाली. ती चिखलात शोधण्यात आमची पंधरा मिनिटं गेली, म्हणून सांगतो, समोर हात आडवा धरा.

आता माझा लाडका विषय. अधिक चिन्हासारख्या खाचेला गॅरेजात कुणी 'प्लस' म्हणतं, कुणी 'स्टार'. तिच्यासाठी बहुतेक पॅडना दोन नंबरचं टोक लागतं, बटणांच्या पट्टीतल्या बारीक स्क्रूला एक नंबरचं. या प्लस, म्हणजे फिलिप्स खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की टोक वर सरकतं आणि खाच खातं. म्हणून फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर हवा. शिवाय जुन्या जपानी घडणीच्या गाड्यांत जपानी मापाचे स्क्रू सापडतात, काहींच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो. फिलिप्सचं टोक त्यांत तळापर्यंत नीट बसत नाही. आपण स्क्रूला शिव्या देतो. माझी कसोटी साधी आहे: टोकावर स्क्रू अडकवून स्क्रूड्रायव्हर आडवा धरायचा. लोहचुंबक नसताना स्क्रू डगमगला नाही, तर जोडी जमली. खाच थोडी गेलीच असेल, तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा, पकड येते. झिजलेल्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर मात्र रंगाचे डबे उघडायला ठेवावा. नाशिकच्या टपारियाचा एक चांगला नग घेतला, की घरच्या कामाला पुरतो.

इतिहास उरकून टाकतो. हेन्री फिलिप्स या अमेरिकन गृहस्थाच्या नावे १९३६ साली पेटंटं निघाली आणि कॅडिलॅक गाड्यांच्या कारखान्याने ते स्क्रू उचलले. सहा पाकळ्यांचा टॉर्क्स १९६७ चा. खरा स्टार तोच, पण आपण ते नाव आधीच प्लसला देऊन बसलो! त्याला टी-२०, टी-२५ अशी टोकं लागतात. प्लसचं टोक त्यात कोंबू नये.

स्क्रू निघाले की चपट्या स्क्रूड्रायव्हरचा मोह आवरा. प्लॅस्टिकची उचकटणी खालच्या कोपऱ्यात, क्लिपच्या अगदी जवळ घाला. डिसेंबरात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तेव्हा सकाळी हे काम काढूच नये. थंडीत क्लिपा काचेसारख्या तुटतात. गाडी दुपारपर्यंत उन्हात तापू द्या. पॅड सुटला तरी हिसका नको, मागे वायरी आणि कुलपाची दांडी असते. दारात एअरबॅग असेल तर गॅरेज गाठा.

आणि पॅडमागे दिसतो प्लॅस्टिकचा कागद. नवशिके तो टराटरा फाडतात. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून जुन्या बंगल्यांच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी गवताच्या झडी बांधत. हा कागद म्हणजे दरवाजाची झडी. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ते आत सीटकडे येऊ नये म्हणून हा कागद. माझ्या एका गाडीचा कागद कुणा मेकॅनिकने परत चिकटवलाच नाही. ऑगस्टात पायाखालचं मॅटिंग पिळून काढावं लागलं, आणि दोष मी काचेच्या रबराला देत बसलो होतो.

कागद कडेने हळू सोडवा, काळा चिकट गोंद तसाच राहू द्या आणि शेवटी तळहाताने दाबून पुन्हा बसवा. दरवाजाच्या तळाची भोकं लाल मातीने बुजतात. मे संपायच्या आत ती काडीने मोकळी करा; त्याला स्क्रूड्रायव्हर लागत नाही.