बाभळीचा डिंक : वृक्षपरीक्षा आणि द्रव्यपरीक्षा

नारायण पेठेतील आमच्या चिकित्सालयात अतिसाराच्या एका रुग्णास बाभळीचा डिंक पाण्यातून देण्याची योजना केली होती. दोन दिवसांत मलवेग कमी न होता वाढले. उरलेला डिंक रात्री पाण्यात टाकून ठेवला, तो सकाळी भांडेभर फुगलेला आढळला व त्यास शिरक्यासारखा आंबूस वास येत होता. पाकिटावर ‘बाभूळ डिंक’ असे छापले होते; आत होता कांडोळाचा, म्हणजे कढईच्या झाडाचा निर्यास. भावप्रकाश निघंटूने बब्बूल ग्राही सांगितला आहे. कांडोळाचा डिंक मात्र आतड्यात पाणी शोषून फुगतो व मल वाढवून सारक ठरतो. पुरवठा चुकीचा झाला हे खरे, परंतु परीक्षा न करता द्रव्य दिले, हा दोष आमचाच.

बाजारात ‘डिंक’ हा एकच शब्द अनेक झाडांना पुरतो. घरोघरी लाडवांत पडणारा डिंक पुष्कळदा धावड्याचा असतो. तो पौष्टिक असेल, पण पाण्यात पूर्ण विरघळत नाही व त्याचा द्रव अधिक दाट होतो. गुटीच्या बंधनासाठी बाभळीचे प्रमाण त्यास लावल्यास गुटी बिघडते.

म्हणून मूळ झाड ओळखावे. बाभळीचे काटे सरळ, पांढरट व जोडीने येतात. फुले पिवळी, गोल गोंड्यासारखी. शेंग दोन बियांमध्ये आवळलेली, करड्या लवेची, मण्यांच्या माळेसारखी. दख्खनच्या बांधांवर दिसणारी, फांद्या वर आवळून उभी वाढणारी रामकाठी हा तिचाच प्रकार. वेडी बाभूळ मात्र बाभूळच नव्हे. ती अमेरिकेतून आलेली. तिचा फुलोरा लांबट तुऱ्यासारखा, शेंग पिवळसर व माळेसारखी न आवळलेली. कच्छमध्ये तिचाही डिंक गोळा होतो आणि तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे केवळ पाण्याची परीक्षा येथे फसते. मुरमाड माळावरचा हिवर फिकट सालीने व पांढरट गोंड्यांच्या मोठ्या फुलोऱ्याने ओळखू येतो. खैराचे काटे आखूड व वाकडे असतात.

जगाच्या बाजारातील ‘अरबी गोंद’ मुख्यतः सुदानातून येतो. त्याचे झाड, कुमट, राजस्थानच्या रुक्ष भागातही आहे. त्याच्या पेऱ्याशी तीन आकडेदार काटे असतात, दोन वर वळलेले व मधला खाली. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्थेने (काझरी) खोडास छिद्र पाडून इथेफॉन देण्याची पद्धत विकसित केली. तीमुळे डिंक अधिक मिळतो. ध्रुवित प्रकाश कुमटाचा द्राव डावीकडे वळवितो, तर बाभळीचा उजवीकडे. प्रयोगशाळेत पाठविताना ही चाचणी अवश्य मागावी. शास्त्रीय नावेही बदलली आहेत : २००५ च्या व्हिएन्ना व २०११ च्या मेलबर्न परिषदांनंतर ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियन जातींकडे राहिले, बाभूळ आता ‘व्हॅचेलिया निलोटिका’, कुमट ‘सेनेगालिया सेनेगल’. जुनी व नवी नावे असलेल्या बिलांवरून दोन द्रव्ये समजू नयेत.

दुकानातल्या दुकानात करण्याजोगी परीक्षा सोपी आहे. एक भाग डिंक दोन भाग पाण्यात सावकाश, पण पूर्ण विरघळावा. मद्यार्कात विरघळू नये. द्राव आयोडीनने निळा झाल्यास पिष्टाची भेसळ समजावी. रुथेनियम रेडने कांडोळाचे कण लाल होतात, बाभळीचे होत नाहीत. डिंक खड्यांच्या रूपातच घ्यावा. भुकटीत खडा, रंग, साल यांपैकी काहीच पाहता येत नाही.