जेम्सटाऊनची बॅटरी

पुण्यातल्या फर्ग्युसन महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले, ते सर जेम्स फर्ग्युसन मुंबईचे गव्हर्नर होण्याआधी दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर होते. 1869 ते 1873 या त्यांच्या तिथल्या कारकिर्दीत एक नवे गाव आखले गेले आणि साहेबांच्या पहिल्या नावावरून ते जेम्सटाऊन झाले. मुख्य रस्त्यालाही साहेबांच्या स्कॉटलंडमधल्या मुलखाचे नाव मिळाले, एअर स्ट्रीट. अ‍ॅडलेडच्या उत्तरेला सुमारे 200 किलोमीटरवरचे हे गाव दीड हजार वस्तीचे. मुळात ही भूमी नगाजुरी लोकांची. आता तिथे गहू, बार्ली आणि मेंढ्या.

पाऊस बेताचाच. जॉर्ज गॉयडर नावाच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याने 1865 मध्ये दुष्काळाची पाहणी करून नकाशावर एक रेषा ओढली. रेषेच्या दक्षिणेला पेरणी करावी, उत्तरेला फार तर गुरे-मेंढ्या चाराव्यात, असा तिचा अर्थ. जेम्सटाऊन त्या रेषेच्या आत आहे, पण फार आत नाही. वारा मात्र इथे भरपूर. गावाच्या उत्तरेला बोडक्या टेकड्यांवर हॉर्न्सडेल प्रकल्पाच्या 99 पवनचक्क्या फिरतात. त्यांची क्षमता 315 मेगावॉट. त्यांच्या पायथ्याशी, एक हेक्टरही न व्यापणाऱ्या कुंपणात, माणसापेक्षा उंच पांढऱ्या कपाटांच्या रांगा उभ्या आहेत. पाहायला येणाऱ्याची थोडी निराशाच होईल. ना धरणाची भिंत, ना धुराडे. पण 1 डिसेंबर 2017 रोजी ही कपाटे अधिकृतपणे सुरू झाली, तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी लिथियम-आयन बॅटरी होती.

ती इथे का आली, याचे उत्तर 28 सप्टेंबर 2016 च्या वादळात आहे. त्या दुपारी चक्री वाऱ्यांनी राज्याच्या उत्तर भागात पारेषण वाहिन्यांचे 23 मनोरे आडवे केले. विजेचा दाब वारंवार कोसळला, त्यामुळे काही पवनचक्क्यांनी सुरक्षेच्या नियमाप्रमाणे स्वतःला मागे घेतले आणि काही सेकंदांत 456 मेगावॉट वीज गेली. तिची भरपाई करताना शेजारच्या व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या वाहिनीवर इतका भार आला, की तीही सुटली. 17 लाख लोकांचे अख्खे राज्य अंधारात गेले. राज्यातले शेवटचे कोळसा केंद्र त्याच वर्षी मे महिन्यात बंद झाले होते. मग काय, पवनऊर्जेच्या विरोधकांना आयतीच संधी मिळाली.

पुढची कथा पुष्कळांनी ऐकलेली असते. मार्च 2017 मध्ये ऑस्ट्रेलियन उद्योजक माइक कॅनन-ब्रुक्स यांनी ट्विटरवर विचारले, बॅटरी बसवून राज्याचा वीजप्रश्न सोडवणे खरेच जमेल का? टेस्लाच्या इलॉन मस्क यांनी उत्तर दिले, करारावर सही झाल्यापासून 100 दिवसांत बॅटरी चालू करतो, नाही झाली तर फुकट. राज्याचे प्रमुख जे वेदरिल यांनी निविदा काढल्या. जुलैमध्ये टेस्ला आणि फ्रान्सची निओएन कंपनी यांची निवड झाली. पैज टेस्लाने जिंकली, हे खरे. पण घड्याळ सुरू झाले 29 सप्टेंबरला, आणि त्या दिवशी जेम्सटाऊनजवळच्या समारंभातच मस्क यांनी सांगून टाकले, की निम्मे काम झालेले आहे! घड्याळ कधी लावायचे हे आपल्याच हाती असेल, तर शर्यत फारशी अवघड राहत नाही. तरीही निवडीपासून पाच महिन्यांत असा प्रकल्प उभा राहणे ही मोठीच गोष्ट. कोळशाच्या किंवा वायूच्या केंद्राला इतका वेळ कागदपत्रांनाच लागतो.

तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन यांनी या बॅटरीची खिल्ली उडवली. ऑस्ट्रेलियात रस्त्याकडेला अवाढव्य केळे, अवाढव्य कोळंबी असले पुतळे उभारण्याची हौस आहे. ही बॅटरीही त्याच माळेतली, असा त्यांचा सूर. टिंगल आकड्यांच्या बळावर होती आणि आकडे खरेच लहान होते. क्षमता 100 मेगावॉट, साठा 129 मेगावॉट-तास. कोयनेच्या 1,960 मेगावॉटपुढे हे काहीच नव्हे. दक्षिण ऑस्ट्रेलियाची सरासरी मागणी दीड हजार मेगावॉटच्या आसपास धरली, तर या साठ्यावर राज्य पाचेक मिनिटे चालेल. दिवसाचा वारा साठवून रात्रभर दिवे लावायचे, हे या बॅटरीचे काम नव्हतेच.

तिचे काम सेकंदाच्या हिशेबात मोजावे लागते. विजेचे जाळे 50 हर्ट्झ वारंवारतेवर चालते. एखादे मोठे केंद्र बंद पडले, की ती घसरते आणि फार घसरली तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बाहेर पडतात. जुन्या केंद्रांची अवजड जनित्रे इथे आपोआप मदत करत. हात काढला तरी जाते दोन फेरे फिरतेच, तसे. तेवढ्या अवधीत दुसरी केंद्रे जोर वाढवत. पवनचक्क्या आणि सौर पॅनेल इलेक्ट्रॉनिक्सच्या मार्फत जोडलेले असल्याने त्यांच्याकडून हा आधार आपोआप मिळत नाही. बॅटरीत काहीच फिरत नाही, पण ती सेकंदाच्या अंशात वीज सोडू शकते.

सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात, तोच 14 डिसेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास व्हिक्टोरियातल्या लॉय यांग कोळसा केंद्राचा 560 मेगावॉटचा संच बंद पडला. अंतर जवळजवळ 1,000 किलोमीटर. वारंवारता 49.80 पर्यंत उतरली. ज्या केंद्राने मदतीला धावायचे ठरलेले होते, त्याच्या आधीच हॉर्न्सडेलच्या या बॅटरीने 7.3 मेगावॉट वीज जाळ्यात घातली. 560 पुढे 7.3! संकट तिने एकटीने टाळले असे कोणी म्हणत असेल, तर ते खरे नाही. दिसला तो तिचा वेग.

पैसाही याच वेगातून आला. व्हिक्टोरियाशी जोड तुटण्याचा धोका असला, की वारंवारता सांभाळण्यासाठी 35 मेगावॉटची सेवा राज्याच्या आतूनच घ्यावी, असा नियम होता. ती देऊ शकणारी वायूकेंद्रे मोजकीच, त्यामुळे ती सांगतील तो भाव. बॅटरी बाजारात उतरली आणि ही मक्तेदारी मोडली. ऑरेकॉन या सल्लागार संस्थेच्या अभ्यासानुसार पहिल्याच वर्षी ग्राहकांचे सुमारे 4 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर वाचले. बॅटरीचा खर्च होता 9 कोटींच्या आसपास. माझ्या मते 100 दिवसांच्या पैजेपेक्षा ही गोष्ट जास्त सांगण्यासारखी आहे, पण तिच्यात नाट्य नाही म्हणून मागे पडली.

मागे पडलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कौतुकाची नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये क्वीन्सलंडमधले कोगन क्रीक केंद्र अचानक बंद पडले, तेव्हा हॉर्न्सडेलने जेवढी मदत द्यायला हवी होती तेवढी दिली नाही. चौकशीत दिसले, की त्या वर्षी जुलै ते नोव्हेंबर ही बॅटरी आपत्कालीन सेवेचे पैसे घेत होती, पण कबूल केलेली पूर्ण सेवा देण्याच्या स्थितीत नव्हती. नियामकाने प्रकरण न्यायालयात नेले. जून 2022 मध्ये 9 लाख डॉलरचा दंड झाला.

दरम्यान 2020 मध्ये बॅटरी वाढवून 150 मेगावॉट आणि 193.5 मेगावॉट-तास केली गेली. त्याच वर्षी जानेवारीअखेर व्हिक्टोरियात मनोरे पडले आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया अडीच आठवडे जाळ्यापासून तुटून राहिले, तेव्हा राज्याची घडी टिकवण्यात तिचा हात होता. 2022 पासून तिचे इन्व्हर्टर जुन्या जनित्रांच्या फिरत्या वस्तुमानाची नक्कल करतात. मोठेपणाचा मान कधीच गेला. आता खुद्द दक्षिण ऑस्ट्रेलियातही तिच्याहून मोठ्या बॅटऱ्या आहेत आणि राज्याची सुमारे 70 टक्के वीज वाऱ्या-उन्हातून येते.

साताऱ्याच्या चाळकेवाडीला किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलला उद्या अशी बॅटरी बसवायचे ठरले, तर घोषणेतला मेगावॉटचा आकडा वाचून थांबू नका. ती किती तास पुरणार, नेमके कोणते काम करणार आणि ते न केल्यास पकडणार कोण, हे वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीत उभे राहून विचारा.