वाळूवरची एक दोरी

काही पक्षी झाडावर घरटे बांधतच नाहीत, उघड्या वाळूत अंडी घालतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा स्नोई प्लोव्हर त्यांपैकीच. चिमणीहून जरासा मोठा, आपल्याकडच्या चिखल्याचा भाऊबंद. वाळूत उथळ खळगा, त्यात बहुधा तीन अंडी, रंग अगदी वाळूचाच. पिले बाहेर आली की त्यांना सांभाळतो तो बाप. (वर्गात हे सांगितले की मुलींना भारी आनंद होतो.)

अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. माणूस जवळ आला की पक्षी उठतो. कुत्रा दिसला तर आणखी लांबूनच उठतो. आपला कुत्रा कितीही गरीब असो, पक्ष्याच्या लेखी तो शिकारीच. मग अंडी उन्हात तापतात, वाऱ्याने वाळूखाली जातात, नाहीतर कावळा नेतो.

सांता बार्बराजवळच्या कोल ऑइल पॉइंट या किनाऱ्यावर हे पक्षी यायचे, पण अंडी घालत नसत. संशोधकांनी तिथे लाव्याची अंडी वाळूत ठेवून पाहिले. ती पायदळी जाण्याचा धोका दिवसाला ८ टक्के निघाला. आकडा लहान वाटतो ना? मुलांना गणित म्हणून घालून बघा. २८ दिवसांनी १०० घरट्यांतली जेमतेम १० उरतात.

मग किनाऱ्याचा वरचा कोरडा भाग दोरीने वेगळा केला. कुत्र्यांना साखळी सक्तीची झाली, आणि येणाऱ्यांना समजावून सांगायला स्वयंसेवक उभे राहिले. पाण्याकाठची वाट मोकळीच राहिली. २००१ पासून तिथे पुन्हा पिले दिसू लागली आणि घरटी वर्षागणिक वाढत गेली.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आपणही मुलाबाळांसह समुद्रावर जातो. कोकणात तर हौशी मंडळी थेट वाळूत गाडी घालतात, ते मला मुळीच पटत नाही. उरलेली बिर्याणी तिथेच टाकली की कावळे आणि भटकी कुत्री हजर. डबा रिकामा करायचा तो घरी येऊन.

माळावर टिटवीही अशीच उघड्यावर अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, किंवा एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा पुढे पुढे फरफटू लागला, तर अंडी वा पिले जवळच आहेत. मोबाईल काढून शोधत बसू नका. मुलांचा हात धरा आणि आल्या पावलांवर पाय ठेवत मागे फिरा.