सह्यांच्या नोटा

नोटेवर काही लिहू नये, असा सर्वसामान्य संकेत आहे. नाणी व नोटा जमविणाऱ्यांच्या जगातही मान असतो तो कोऱ्या, घडी न पडलेल्या नोटेला. शाईचा एखादा फराटा उमटला तरी तिचे मोल उतरते. मात्र नोटांचा एक वर्ग असा आहे की, त्यांच्यावरील लेखन हेच त्यांचे सर्वस्व होय. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांनी व सैनिकांनी खिशात बाळगलेल्या, सोबत्यांच्या सह्यांनी भरलेल्या या नोटा.

इंग्रजीत या नोटेस ‘शॉर्ट स्नॉर्टर’ म्हणतात. मद्याचा अपुरा घोट, असा या नावामागील अर्थ. ही प्रथा १९२०च्या दशकातील अमेरिकन वैमानिकांपासून सुरू झाली, असे मानतात. विमान हाकणाऱ्याने पूर्ण पेला घेणे धोक्याचे, म्हणून हे विनोदी नाव. महायुद्धात महासागर विमानाने ओलांडणाऱ्यास या मंडळात प्रवेश मिळे. जुने सभासद त्याच्या नोटेवर सह्या करीत. पुढे कोणी मागणी केली आणि ती नोट जवळ निघाली नाही, तर त्याला सर्वांना मद्य पाजावे लागे किंवा दंड भरावा लागे. देशोदेशींच्या नोटा चिकटपट्टीने जोडीत जात, आणि पाहता पाहता लांबच लांब पट्टा तयार होई. १९४३च्या जानेवारीत कासाब्लांका येथे भरलेल्या परिषदेच्या वेळी अध्यक्ष रूझवेल्ट यांचे सल्लागार हॅरी हॉपकिन्स यांच्या नोटेवर रूझवेल्ट आणि चर्चिल या दोघांच्याही सह्या झाल्या.

अशा पट्ट्यांत भारतीय रुपयाची नोट पुष्कळदा आढळते, याचे कारण उघड आहे. १९४२ ते १९४५ या काळात आसामातील धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व रांगा ओलांडून चीनमधील कुनमिंगपर्यंत युद्धसामग्री नेली जात होती. त्या मार्गावर शेकडो विमाने कोसळली. या विमानदळामागे दुरुस्तीची जी केंद्रे उभी होती, त्यांत बेंगळुरू प्रमुख होते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साह्याने १९४० साली तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. १९४३मध्ये तो कारखाना अमेरिकन हवाईदलाच्या व्यवस्थेखाली गेला, आणि डकोटा व कॅटालिना जातीची विमाने तेथे दुरुस्त होऊ लागली. आज त्याच शहरातील पीण्या औद्योगिक क्षेत्रातील लहानमोठ्या कारखान्यांत विमानांचे सुटे भाग घडविले जातात. त्या कसबाची पाळेमुळे युद्धकाळातील या कारखान्यापर्यंत पोहोचतात.

या नोटांचा मराठी मुलखाशीही संबंध आहे. १९२८पासून भारतीय नोटा नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापल्या जाऊ लागल्या. चांदीच्या टंचाईमुळे १९४०मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा चलनात आली. १९४३च्या ऑगस्टात चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटांवर त्यांची सही छापली जाऊ लागली. त्यामुळे एखाद्या दहा रुपयांच्या नोटेवर महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या देशमुखांची छापील सही आणि शेजारी दूरदेशीच्या वैमानिकाने घाईने केलेली सही, असा योग येऊ शकतो.

हीच छापील सही परीक्षेचे साधनही ठरते. देशमुखांची सही असलेल्या नोटेवर कोणी १९४२ची तारीख घातलेली असेल, तर ती तारीख खरी असणे शक्य नाही. शाईचेही तसेच. बॉलपेन अमेरिकेच्या दुकानांत विक्रीस आले ते १९४५च्या ऑक्टोबरात. तेव्हा १९४३ची म्हणून दाखविलेली सही बॉलपेनने केलेली दिसली, तर संशय घ्यावा. प्रसिद्ध व्यक्तींच्या सह्यांना चढा भाव येत असल्याने अशी सावधगिरी अवश्य हवी.

परंतु खरा प्रश्न भावाचा नाही. अनेकदा विक्रीच्या सोयीसाठी जोडलेला पट्टा सुटा करण्यात येतो; थोरांच्या सहीची नोट निवडून घेतात आणि उरलेल्या विखुरतात. मग कोणता माणूस कोणाबरोबर, कोणत्या वाटेने गेला, हा क्रमच नष्ट होतो. त्या सह्या करणाऱ्यांपैकी कित्येक पुढच्या उड्डाणातून परतले नाहीत. पट्ट्यावरील अनोळखी नाव हे त्या माणसाच्या हातचे शेवटचे अक्षरही असू शकते.

महाराष्ट्रातही हा विचार व्हावयास हवा. मराठा पलटणी आफ्रिकेत व इटलीत लढल्या. त्यांच्या जवानांच्या घरी जुन्या पत्र्याच्या पेटीत इटलीच्या लिरा नोटा किंवा ब्रह्मदेशासाठी जपान्यांनी छापलेल्या रुपयांच्या नोटा असू शकतात. चालत नाहीत म्हणून त्या टाकून देऊ नयेत. त्या धुऊ नयेत, इस्त्री करू नयेत, प्लास्टिकमध्ये कायमच्या बंद करू नयेत. जुनी चिकटपट्टी ओढून काढू नये. ऊन व ओल यांपासून दूर, आम्लरहित कागदाच्या पाकिटात त्या ठेवाव्यात. सोबत वेगळ्या कागदावर आजोबांचे नाव, पलटण, नोट कोठून आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. नोट कपाटात शंभर वर्षे टिकेल. तिची हकीकत मात्र सांगणाऱ्या माणसाबरोबरच संपते.