टॅलीतून ईआरपीकडे जाताना

आपल्या दुबईतल्या श्रोत्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो. "धंद्याचा हिशेब इतकी वर्षं टॅलीत आहे, आता मुलगा म्हणतो ईआरपी घ्या. जुन्याचं काय करायचं?"

आधी ईआरपी म्हणजे काय ते बघू. बऱ्याच दुकानांत हिशेब टॅलीत असतो, मालाची यादी एक्सेलमध्ये, ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पुढच्या तारखांचे चेक ड्रॉवरमध्ये. ईआरपीत हे सगळं एकाच जागी येतं. बिल फाडलं की गोदामातला माल कमी होतो, गिऱ्हाइकाच्या नावे येणं लागतं आणि ५ टक्के व्हॅट वेगळा पडतो. एकच दुकान, दोन माणसं असतील तर माझ्या मते टॅली पुरेशी आहे. उगाच खर्चात पडू नका. दोन गोदामं आणि चार सेल्समन झाले की मात्र विचार करा.

आता माझी चूक सांगतो. देऱ्यात आमच्या ओळखीच्या एका काकांचं नळ-फिटिंगचं दुकान आहे. उत्साहाच्या भरात मी त्यांच्या दहा वर्षांच्या सगळ्या नोंदी नव्या प्रणालीत ओतल्या. जुन्या नोंदींत खरेदी खोक्यांत होती आणि विक्री नगांत. गोदामात एल्बोची ८ खोकी होती, म्हणजे ४०० नग. पडद्यावर दिसायला लागली ४०० खोकी! त्या भरवशावर सेल्समनने एका कंत्राटदाराला ३० खोकी कबूल केली. माल मिळाला नाही, साइट अडली, आणि वीस वर्षांचं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. काका फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, ती खोकी कुठे ठेवलीयस ते तरी सांग."

दुसऱ्या वेळी आम्ही जुन्या नोंदी आणल्याच नाहीत. एक तारीख ठरवली आणि त्या दिवशीच्या शिलका तेवढ्या नेल्या. ही तारीख आर्थिक वर्षाची पहिली असेल तर उत्तम, नाहीतर निदान व्हॅटच्या तिमाहीची पहिली तरी असावी. नाहीतर एकच रिटर्न दोन प्रणालींतून जोडत बसावं लागतं.

येणी-देणी एकूण रकमेने नेऊ नका, बिलागणिक न्या. गिऱ्हाइकाने मार्चच्या बिलाचे पैसे दिले, तर ते जुळवायला मार्चचं बिल तिथे दिसायला हवं ना? माल मात्र कुठल्याच कॉम्प्युटरवर विश्वास न ठेवता हाताने मोजा. आम्ही दोन शुक्रवार सकाळी दुकान बंद असताना मोजला. काकूंनी पोहे पाठवले होते, म्हणून पोरं टिकली.

सगळ्यात जास्त घोळ पुढच्या तारखांच्या चेकांचा होतो. इथे भाडंही चेकने आणि उधारीही चेकने. काही अकाउंटंट चेक हातात आला की गिऱ्हाइकाची बाकी कमी करतात, काही तो वटल्यावर. तुमच्याकडे कुठली रीत आहे हे न विचारता आकडे नेले, तर एकच रक्कम दोनदा वजा होते, नाहीतर गिऱ्हाइकाकडे दिलेल्या पैशांसाठी पुन्हा तगादा जातो. म्हणून ड्रॉवर उघडा, एकेका चेकची तारीख, बँक, रक्कम लिहा आणि ती यादी खात्याशी ताडून बघा.

हे सगळं काकांच्या केरळी अकाउंटंटना तोंडपाठ होतं. सस्पेन्स खात्यातली एकूण एक रक्कम कुठून आली, तेही. पहिल्या वेळी मी त्यांना विचारलंच नव्हतं, आणि नवी प्रणाली आली की आपली नोकरी जाणार असं वाटून तेही गप्प राहिले. दुसऱ्या वेळी काकांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "तुम्ही इथेच आहात." मग ते बोलायला लागले.

शेवटी जुन्या-नव्या प्रणालीची ट्रायल बॅलन्स, म्हणजे आपल्या शाळेतली तेरीज, शेजारी ठेवा. पैसाभरही फरक नको. निदान एक तिमाही दोन्हीकडे नोंदी करा. काम दुप्पट होतं, कुरकुर होते, होऊ द्या.

आणि जुना कॉम्प्युटर विकू नका. इथल्या नियमाप्रमाणे व्हॅटच्या नोंदी साधारण ५ वर्षं आणि कॉर्पोरेट टॅक्सच्या ७ वर्षं जपाव्या लागतात. टॅलीचा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर खरंच उघडतो का, हे आजच बघा. काकांचा पहिला बॅकअप उघडला नव्हता.