कुरापत आणि कुलूप

वाशीम जिल्ह्यांतील मालेगांव तालुक्यांत शिरपूर नांवाचें एक गांव आहे. या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक असल्यामुळें लोक त्यास जैनांचें शिरपूर म्हणून ओळखतात. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाचें मंदिर पाहण्याचा योग कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस आला. पाहण्याचा म्हणजे बाहेरून पाहण्याचा. दार बंद होतें. एका लहानशा झरोक्याशीं मंडळी रांगेनें उभी होती; एकेकानें वांकून आंत डोळा लावावा, हात जोडावे आणि मागच्यास जागा द्यावी असा क्रम चालला होता. आमच्या पुढें एक वृद्ध बाई होत्या. गुडघ्यांमुळें त्यांस वांकतां येईना, तेव्हां नातवानें काखेंत हात घालून त्यांस कसेंबसें खालीं बसविलें. उठल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "दिसले रे, पण अर्धेच."

मंदिरास आग लागली नव्हती, कीं तें पडावयासहि झालें नव्हतें. त्यास कुलूप होतें तें भांडणामुळें. आणि भांडण होतें तें ज्यांची त्या मूर्तीवर पराकाष्ठेची भक्ति, अशा दोन पंथांचें. घरांत, गांवांत, संस्थेंत, जेथें म्हणून दहा माणसांची एखादी वस्तु सामाईक असते तेथें हाच प्रसंग लहानमोठ्या रूपानें उद्भवतो, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें थोडी विस्तारानें मांडावी असें आम्हांस वाटलें.

प्रथम दंतकथा. अचलपूरच्या राजास कुष्ठ झालें होतें. रानांतील एका तळ्याच्या पाण्यानें हातपाय धुतांच तें बरें झालें, आणि दृष्टांत होऊन त्याच पाण्यांतून पार्श्वनाथाची मूर्ति निघाली. ती गाड्यावर घालून न्यावी, मात्र वाटेंत मागें वळून पाहूं नये, अशी अट होती. राजास धीर निघेना. मूर्ति येते आहे कीं नाहीं या शंकेनें त्यानें मान वळविली, गाडा पुढें निघून गेला आणि मूर्ति तेथेंच अधांतरीं राहिली. पूर्वीं तिच्या खालून घोडेस्वार जात असे. आतां एक वस्त्र सरकविण्याइतकें अंतर उरलें आहे, असें भाविक सांगतात. मागें वळून पाहण्याची राजाची ती खोड पुढें त्या स्थानाच्या भक्तांसहि जडली कीं काय, असा एक अवखळ विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

आतां भांडणाचें मूळ. तें समजून घेतल्यावांचून अशा तंट्यांस वेडेपणा म्हणणें फार सोपें असतें. दिगंबर पंथीयांच्या दृष्टीनें तीर्थंकराची मूर्ति निर्वस्त्र व निराभरण असली पाहिजे. सर्वस्वाचा त्याग हेंच तिचें तेज. श्वेतांबर पंथीय त्याच तीर्थंकरास डोळे बसवितात, कटिसूत्र दाखवितात, आंगी चढवितात. राजाधिराजाची सेवा ती हीच, असा त्यांचा भाव. दोघांचाहि भाव सच्चा, आणि मूर्ति एकच. त्याच जिल्ह्यांतील कारंजास जैनांच्या निरनिराळ्या परंपरांचीं मंदिरें वेगवेगळीं आहेत. ज्याची त्याची चूल निराळी. शिरपुरांतहि पवळी म्हणून दुसरें जुनें मंदिर आहे. परंतु अंतरिक्ष पार्श्वनाथ दुसरा कोठून आणावा?

१९०५ सालीं या दोन्ही पंथांच्या मंडळींनीं एकत्र बसून एक वेळापत्रक ठरविलें. याच वेळीं एकानें आपल्या रीतीनें पूजा करावी, त्या वेळीं दुसऱ्यानें आपल्या रीतीनें करावी, व एकाच्या वेळांत दुसऱ्यानें अडथळा आणूं नये. (त्याच वर्षीं जुना बाशीम जिल्हा मोडून अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वांटून घातला गेला, वाशीम पुन्हां स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ सालीं.) आमच्या मतें या सगळ्या प्रकरणांतील अत्यंत शहाणपणाचा कागद तो हाच. कोणी न्यायाधीशानें तो लादला नव्हता. 'तुमचें चुकतें' असें त्यांत कोणी कोणास म्हटलेलें नव्हतें. दोन जावांनीं चुलीवरील वेळ वांटून घ्यावी तसा तो सरळ व्यवहार होता.

मग तो पुरला कां नाहीं? याचें कारण विचार करण्याजोगें आहे. वेळ वांटतां येते. पण जी गोष्ट आपली वेळ संपल्यावरहि मागें राहते ती वेळापत्रकांत बसत नाहीं. फुलें काढतां येतात, आंगी उतरवितां येते. परंतु ही मूर्ति वाळू व शेण यांची घडलेली असल्याचें परंपरा सांगते, आणि तिच्या रक्षणासाठीं तिजवर वेळोवेळीं लेप चढवावा लागतो. त्या लेपांत कटिसूत्राचा आकार उठवावा कीं न उठवावा? उठविला तर तो दिगंबरांच्या पूजेच्या वेळींहि तेथेंच राहणार. न उठविला तर श्वेतांबरांस आपल्या वेळीं आपली मूर्ति मिळणार नाहीं. झालें, ज्या बोटभर रेषेस वेळापत्रकांत जागा नव्हती, तिच्यापायीं सगळें वेळापत्रक डळमळलें.

१९१० सालीं अकोल्याच्या न्यायालयांत दावा दाखल झाला. त्याचा निकाल १९१८ सालीं लागला. त्यावर नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टांत अपील होऊन १९२३ सालीं दुसरा निकाल झाला. तेथून प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलाकडे गेलें आणि १९२९ सालीं तेथील निर्णय आला. मंदिराची व मूर्तीची व्यवस्था पाहण्याचा हक्क श्वेतांबरांचा. कटिसूत्र, करदोरा व लेप यांसह मूर्तीची पूजा करण्याचा त्यांस अधिकार. दिगंबरांस १९०५ च्या व्यवस्थेप्रमाणें पूजेचा अधिकार, मात्र लेप व कटिसूत्र यांस त्यांनीं हात लावूं नये. वऱ्हाडांतील एका खेड्यांतल्या मूर्तीच्या करदोऱ्याचा विचार लंडनमध्यें बसून करणाऱ्या त्या न्यायमूर्तींची आम्हांस थोडी कींव येते. पण वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९ वर्षें व तीन कोर्टें झाल्यावर पूजेच्या वेळांपुरता जो तोडगा साम्राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टानें सांगितला, तो भांडणाऱ्यांनीं पूर्वींच आपल्या हातानें लिहून ठेवलेला होता.

या निकालानें तरी तंटा मिटावा. तो मिटला नाहीं. पुढेंहि कागदांवर कागद चढत गेले. निकाल हा अधिकार कोणाचा हें सांगतो. दुसऱ्यास मुद्दाम डिवचावयास जो येतो त्यास तो थांबवूं शकत नाहीं. दोन्ही पंथांतील शेंकडा नव्याण्णव माणसें पूजेस येतात आणि पूजा करून जातात. एखादा मात्र असा असतो कीं, आपली पूजा नीट झाली याचें त्यास समाधान नसून दुसऱ्याची बिघडली कीं नाहीं यावर त्याचा डोळा असतो. असा मनुष्य दोन्हीकडे असूं शकतो, आणि विशेष हें कीं, तो एकमेकांवरच जगतो. एका बाजूच्या कुरापतखोरास दुसऱ्या बाजूच्या कुरापतखोरावांचून करमत नाहीं. मधल्या मधें भरडला जातो तो शांत भक्त.

१९८१ सालीं असाच तंटा विकोपास गेला आणि मंदिरास कुलूप लागलें. दंगा नको म्हणून दार बंद करणें हा सरकारी दृष्टीनें सोपा उपाय असेल, आणि त्या दिवसापुरता तो आवश्यकहि असेल. डोकीं फुटत असतां दार उघडें ठेवा असें कोण म्हणेल? परंतु त्या दिवसाचें कुलूप ४२ वर्षें राहिलें. एवढ्या अवधींत जन्मलेलीं मुलें लग्नें होऊन आईबाप झालीं. कुलपानें शिक्षा कोणास झाली, याचा हिशेब आम्हीं त्या झरोक्याशीं उभें राहून मनांत केला. ज्यास भांडावयाचें होतें त्याचें कांहींच गेलें नाहीं; भांडणास त्यास कोर्ट होतें, सभा होती, पत्रकें होतीं. ज्यास भांडावयाचें नव्हतें त्या बाईस मात्र अर्धी मूर्ति दिसली.

असल्या कुलपाचा एक लहान अनुभव आमच्या परिचयाच्या एका घरांतला आहे. वडील वारल्यावर दोघां भावांच्या चुली निराळ्या झाल्या, देवघर मात्र एकच राहिलें. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एकेकाची पाळी. थोरल्यानें आपल्या वर्षीं सागवानी देव्हाऱ्यास झगझगीत तेलीरंग दिला. धाकट्यास तो आवडला नाहीं. त्यानें आपल्या वर्षीं तो खरवडून काढला. रंग हा त्या घरचा लेपच म्हणावयाचा! पण खरी गंमत निराळी होती. घरांत एक दूरचे नातलग राहत असत. कोणाच्या पाळींत फुलें शिळीं होतीं, कोणाच्या बायकोनें निरांजन उशिरां लावलें, याची वर्दी दुसऱ्याच्या ओसरीवर पोंचविणें हाच त्यांचा उद्योग. त्यांस कोणाच्या बाजूचें म्हणावें तर तेहि नाहीं. दोन्हीकडे चहा मिळे एवढें खरें. शेवटीं देवघरास दोन कुलुपें लागलीं, एक थोरल्याचें व एक धाकट्याचें, आणि ऐंशी वर्षांच्या आईस तुळशीपुढें बसून देवाचें स्मरण करण्याची पाळी आली.

तेव्हां आत्याबाई आल्या. त्यांनीं रंगाविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. त्यांनीं दोघां भावांस ओसरीवर बसविलें, त्या नातलगांस मध्यें बोलाविलें आणि म्हटलें, "तुम्ही याला त्याचें काय सांगितलेंत आणि त्याला याचें काय सांगितलेंत, तें आतां दोघांसमोर सांगा. पुढेंहि सांगावयाचें तें असेंच सांगत जा." नातलगांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांस कोणीं घालवून दिलें नाहीं, कीं कोणीं अपशब्द बोललें नाहीं. पण त्या दिवसापासून वर्दी बंद झाली, कारण दोघांसमोर सांगण्यांत तिची सगळी चव जात होती. कुलुपें आठ दिवसांत निघालीं. देव्हारा अर्धा रंगाचा आणि अर्धा लांकडाचा असा अजून आहे, आणि पाहुण्यांस तो चमत्कारिक दिसतो.

एका घरास जें साधतें तें सगळ्या पंथास साधेलच असें आम्ही म्हणत नाहीं. जेरुसलेम येथें ख्रिस्ताच्या समाधीवर जें मंदिर आहे, त्यांत सहा ख्रिस्ती पंथांची वहिवाट आहे. दाराच्या किल्ल्या मात्र शतकानुशतकें मुसलमान घराण्यांकडे आहेत! दर्शनी भिंतीवरील एका खिडकीखालीं एक लांकडी शिडी ठेवलेली आहे. अठराव्या शतकांतील चित्रांतहि ती दिसते. ती कोणीं हलवावी यावर एकमत होत नाहीं, म्हणून ती तेथेंच आहे. २००२ सालीं त्याच मंदिराच्या गच्चीवर एका पंथाच्या साधूनें आपली खुर्ची उन्हांतून सावलींत सरकविली, एवढ्यावरून मारामारी होऊन ११ जण जखमी झाले. आम्हांस ती शिडी हास्यास्पद वाटत नाहीं. ती हलत नाहीं खरी. पण त्या मंदिराचें दार उघडें असतें.

दुसरें उदाहरण कलकत्त्याचें. मल्लिक घराण्यांत कुलदेवाच्या पूजेची अशीच पाळी होती. आपल्या पाळींत मूर्ति आपल्या राहत्या घरीं नेण्याचा आपणांस हक्क आहे, असें एकाचें म्हणणें पडलें. तेंहि प्रकरण १९२५ सालीं प्रिव्ही कौन्सिलापुढें गेलें. मूर्ति म्हणजे घरांतील पेटीपलंगांसारखी जंगम मिळकत नव्हे, देवाच्या इच्छेचाहि विचार झाला पाहिजे, आणि त्यासाठीं ज्याचा या भांडणांत स्वार्थ नाहीं अशा मनुष्यानें देवाच्या वतीनें उभें राहावें, असें तेथें सांगण्यांत आलें. विलायतेंतील न्यायाधीशांस हें सुचावें याचें आम्हांस कौतुक वाटतें. भांडणांत दोन्ही पक्षांचे वकील असतात. ज्या वस्तूसाठीं भांडण तिच्या वतीनें बोलणारा मात्र क्वचितच कोणी असतो. आमच्या त्या आत्याबाई आईच्या वतीनें बोलल्या, म्हणूनच त्यांचें चाललें.

शिरपूरचें दार सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्च महिन्यांत उघडलें. दोन्हीकडच्या लोकांनीं दर्शनास गर्दी केली. ज्यांनीं आपल्या जन्मांत मूर्ति पुरी पाहिली नव्हती, त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें असल्यास नवल नाहीं. आणि त्याच महिन्यांत मंदिराच्या आवारांत दोन गटांची पुन्हां मारामारी होऊन पोलिसांस धांवावें लागलें.

तें वृत्त वाचलें तेव्हां आम्हांस ती रांग आठवली. त्या रांगेंत कोण दिगंबर व कोण श्वेतांबर, हें आम्हांस ओळखतां आलें नव्हतें, आणि कोणीं कोणास विचारलेंहि नव्हतें. आजीबाईंस नातवानें बसविलें, त्या वेळीं त्यांची पिशवी धरावयास जो अनोळखी गृहस्थ पुढें झाला, तो आपला नंबर सोडून बराच वेळ तशीच पिशवी धरून उभा होता.